शांतता समितीत प्रश्न कोण विचारणार?

गणपतीच्या आधी पंधरवडाभर राज्यातल्या बहुतेक पोलीस ठाण्यांत शांतता समितीची बैठक भरते. ठाण्याच्या आवारात किंवा शेजारच्या मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या जातात. पहिल्या रांगेत माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, व्यापारी संघाचे पदाधिकारी आणि परिसरातले एक-दोन डॉक्टर. वरिष्ठ निरीक्षक विसर्जनाचा मार्ग, आवाजाची मर्यादा, स्पीकर किती वाजता बंद करायचा हे वाचून दाखवतात. मग तीन-चार जण उठून बोलतात. एक खड्ड्यांबद्दल बोलतो, दुसरा लोंबणाऱ्या केबलींबद्दल, तिसरा ‘आमच्या भागात कायम सलोखा नांदत आला आहे’ असं सांगून टाळ्या घेतो. उपायुक्तांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, चहा, वेफर्स, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बातमी येते: सण शांततेत साजरे करण्याचं आवाहन.

ही बैठक अगदीच वायफळ असते असं म्हणणं अन्यायाचं होईल. दोन मंडळांच्या मिरवणुका एकाच चौकात एकाच वेळी येऊ नयेत, एवढं जरी तिथे ठरलं तरी पुष्कळ झालं. पण गेल्या वर्षी सणाच्या आदल्या रात्री प्रतिबंधक कारवाई म्हणून किती पोरं उचलली आणि ती कुठल्या वस्तीतली होती, हे त्या खुर्च्यांवर बसलेलं कोणी विचारत नाही. लाठीमार कोणाच्या हुकमाने झाला, तक्रार द्यायला आलेल्या बाईला ‘उद्या या’ म्हणून किती वेळा परत पाठवलं, हेही कोणी विचारत नाही. विचारणार कसं? निमंत्रितांची यादी ठाण्यातच तयार होते. ज्याने ठाण्याविरुद्ध एकदा वर अर्ज केला, त्याला पुढच्या वर्षी निरोप जाण्याची शक्यता कमीच.

लोकाभिमुख पोलीस कारभाराची भाषा आता सगळेच बोलतात. पोलीस मित्र आहेत, महिला दक्षता समित्या आहेत, मोहल्ला कमिट्या आहेत, प्रत्येक बीटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. या सगळ्यांत नागरिकाला काम दिलेलं आहे ते मदतनिसाचं. बंदोबस्ताला उभं राहा, अफवा कळवा, लोकांना समजवा. पोलिसांना जाब विचारण्याची जागा मात्र कुठेच ठेवलेली नाही. ती कायद्याने, शहराशहरांत निर्माण करावी लागेल. महाराष्ट्राला हे इतर राज्यांच्या आधी सुचायला हवं होतं, कारण पोलीस आणि मोहल्ला एकत्र बसले तर काय घडतं, हे देशाला याच राज्यातल्या एका यंत्रमागाच्या गावाने दाखवलं.

भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि तिचं लोण जळगाव, महाडपर्यंत गेलं. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या एकतर्फी तपासावर कडक ताशेरे ओढले. तरी मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. या वेळी भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसं मेली. बाहेरच्या माणसाला भिवंडी म्हटलं की दोनच गोष्टी आठवत, कापड आणि दंगल.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. जुन्या पद्धतीच्या शांतता समितीत दोन्हीकडचे पुढारी बसत आणि त्यातल्या कित्येकांचं पुढारपण तणावावरच पोसलेलं असे. खोपडे यांनी तो साचा सोडून दिला आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत सत्तर छोट्या समित्या उभ्या केल्या. तिथेच राहणारी, रोज एकमेकांच्या दारावरून जाणारी दोन्ही समाजांतली साधी माणसं त्यांत घेतली. बैठकीला त्या भागातले पोलीस हजर असत. दर बैठकीत दंगलीवर चर्चा करायची नव्हतीच. किरकोळ भांडणं, घरगुती कुरबुरी, कुठून तरी उठलेली अफवा अशा गोष्टी तिथे मिटायच्या. त्यातून एक साधी पण मोलाची गोष्ट झाली. शिपाई मोहल्ल्यात आला की काहीतरी घडलंय असंच लोक समजत, ते बंद झालं.

डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येतली बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई त्या महिन्यात आणि पुन्हा जानेवारीत जळत राहिली. चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली. भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी गुलाबराव पोळ आले होते. पोळ यांनी आधीच्या साहेबाचा उद्योग म्हणून समित्या गुंडाळल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. आपल्याकडच्या खात्यांत ते दुर्मीळ असतं. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असं आहे. राजकीय अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही दंगली आणि नागरी जीवन यांवरच्या २००२ च्या पुस्तकात भिवंडीची दखल घेतली. शहरात दोन समाजांना बांधणाऱ्या संघटना आपणहून उभ्या राहिल्या नसतील तर पोलीस अधिकाऱ्याच्या पुढाकाराने त्या उभ्या राहू शकतात, याचं उदाहरण म्हणून.

ही गोष्ट व्याख्यानांत अनेकदा सांगितली जाते आणि इथेच थांबवली जाते. पुढची गोष्ट सांगायला हवी.

५ जुलै २००६. भिवंडीत पोलीस ठाण्याच्या नव्या इमारतीवरून वाद पेटला होता. शेजारी कब्रस्तान, आणि ती जागा कब्रस्तानचीच आहे असा स्थानिक मुस्लिमांचा दावा. आंदोलन चिघळलं, पोलिसांच्या गोळीबारात दोन जण ठार झाले. त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांची हत्या केली. देशभर जिचं कौतुक झालं, त्या मोहल्ला समित्यांच्या गावात हे घडलं.

या वेळी भांडण हिंदू आणि मुस्लिम यांच्यात नव्हतं. एका बाजूला मोहल्ला होता आणि दुसऱ्या बाजूला पोलीस खातं. दोन शेजाऱ्यांमधल्या वादात पोलिसांनी बोलावलेली समिती मध्यस्थी करू शकते. पोलीस स्वतःच पक्षकार झाले की तिच्या हातात काय उरतं? समित्यांना कायद्याचा आधार नव्हता, सदस्यांना ठरलेली मुदत नव्हती, जागेचे कागद दाखवा असं खात्याला म्हणण्याचा अधिकार नव्हता. अधिकाऱ्याच्या इच्छेने त्या जन्मल्या, पुढच्या अधिकाऱ्याच्या इच्छेने चालल्या आणि तशाच विरल्या. महाराष्ट्रात पोलीस निरीक्षकाचा एका ठाण्यातला काळ कायद्याने साधारण दोन वर्षांचा. एवढ्या काळात जुळलेल्या ओळखीवर शहराचं स्वास्थ्य सोपवायचं म्हणजे नशिबावर हवाला ठेवण्यासारखंच.

मुंबईतही दंगलीनंतर प्रयत्न झाला आणि तो मनापासूनचा होता. निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी, उद्योजक फखरुद्दीन खोराकीवाला आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. वस्त्यांमधल्या बायका पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी आरोपीची आई म्हणून न चढता बैठकीसाठी चढल्या. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेट सामने झाले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडगोळी वर्षानुवर्षं गल्लोगल्ली फिरत राहिली. हे काम खोटं किंवा दिखाऊ मुळीच नव्हतं. पण त्याच दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला, त्यात काही पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवला, आणि त्यांच्यावरच्या कारवाईचं पुढे काय झालं हे विचारण्याचा अधिकार कुठल्याही मोहल्ला कमिटीला नव्हता. सामना खेळायला मुभा होती. धावफलक मागायला नव्हती.

मदतनीस नागरिकाचं रूप कुठवर जाऊ शकतं, हे तमिळनाडूने पाहिलं आहे. तिथे रामनाथपुरम जिल्ह्यात १९९३ मध्ये प्रतीप फिलिप या अधिकाऱ्याने ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ ही योजना सुरू केली आणि ती राज्यभर गेली. २०२० च्या जूनमध्ये सातानकुलममध्ये लॉकडाऊनच्या काळात उचललेल्या बाप-लेकांचा पोलिसांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. या प्रकरणात ‘फ्रेंड्स’चे स्वयंसेवकही त्या रात्री ठाण्यात होते असे आरोप झाले आणि जुलैमध्ये राज्य सरकारने ही योजनाच बंद केली. शिट्टी आणि टोपी मिळालेला नागरिक पोलिसांवर लक्ष ठेवत नाही. बहुतेक वेळा तो बिनपगारी पोलीस होतो.

आपल्या तंटामुक्तीचीही थोडी हीच तऱ्हा. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेतून समिती, गावातले तंटे गावात मिटवायचे, लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. कल्पना चांगली होती आणि बांधाच्या, वाटणीच्या कित्येक भांडणांना तिने कोर्टाची पायरी चढू दिली नाही. पण बक्षीस तंटे मिटण्यावर असल्यामुळे नवऱ्याने मारलेल्या बाईवर ‘मिटवून घे’ असा दबाव येण्याची सोयही त्यातच झाली. आता कित्येक गावांत तंटामुक्तीचं अध्यक्षपद सरपंचपदाच्या खालोखाल राजकारणाचं झालं आहे आणि पळून आलेल्या जोडप्यांची लग्नं लावणं हे त्याचं सर्वांत ठळक काम. तेही काही वाईट नाही म्हणा.

मग विचारणारी समिती कशी असते? अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराचं उदाहरण जरा तपशिलात पाहण्यासारखं आहे, त्यातल्या अपयशासकट.

३० ऑगस्ट २०१० रोजी तिथे जॉन टी. विल्यम्स नावाचा मूलनिवासी लाकूडकाम कारागीर रस्ता ओलांडत होता. हातात लाकडाचा तुकडा आणि कोरायची छोटी सुरी. एका कानाने त्याला ऐकू येत नव्हतं. पोलिसाने मागून हाक मारली आणि काही सेकंदांत गोळ्या झाडल्या. पोलीस खात्याच्याच समितीने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला, अधिकाऱ्याने राजीनामा दिला, खटला मात्र झाला नाही. शहरातल्या तीसहून अधिक संस्थांनी एकत्र येऊन केंद्राच्या न्याय विभागाकडे धाव घेतली. डिसेंबर २०११ मध्ये त्या विभागाने सिअ‍ॅटल पोलीस गरजेपेक्षा जास्त बळ वापरतात, आणि हे वारंवार घडतं, असा निष्कर्ष काढला. २०१२ मध्ये शहर आणि केंद्र यांच्यात न्यायालयाच्या देखरेखीखाली करार झाला. त्या करारातच नागरिकांच्या पोलीस आयोगाची तरतूद होती. म्हणजे आयोग जन्मला तो पोलीस आयुक्तांच्या मेहेरबानीने नव्हे, न्यायालयासमोरच्या कागदावर.

२०१७ मध्ये नगर परिषदेने एकमताने कायदा करून हा आयोग कायमचा केला. त्या कायद्याप्रमाणे सदस्य २१. सात महापौर नेमणार, सात नगर परिषद, आणि सात खुद्द आयोग. ही तिसरी सात माणसं महत्त्वाची. महापौर आणि परिषद यांचं संगनमत झालं तरी आयोगाचा एक तृतीयांश भाग त्यांच्या हाताबाहेर राहतो. पोलिसांच्या संघटनांनाही आत जागा ठेवलेली आहे, म्हणजे पोलिसांची बाजू त्यांच्यासमोर बसून मांडली जाते. बैठका लोकांसाठी खुल्या. आयोगाला पगारी कर्मचारी आहेत. एखाद्या पोलिसाविरुद्धच्या तक्रारीची चौकशी आयोग करत नाही, ते काम दुसऱ्या कार्यालयाचं. हिशेब तपासणारा महानिरीक्षक तिसरा. आयोगाने पाहायची ती धोरणं: बळ कधी वापरायचं, रस्त्यात कोणाला अडवायचं, तक्रारदाराला उत्तर किती दिवसांत द्यायचं. आणि त्याच्या शिफारशींवर पोलीसप्रमुखांना लेखी उत्तर द्यावं लागतं.

एवढं असूनही पुढच्याच वर्षी ठेच लागली. २०१८ च्या अखेरीस शहराने पोलीस संघटनेशी नोकरीच्या अटींचा नवा करार केला आणि २०१७ च्या कायद्यातल्या काही तरतुदी त्या कराराने बोथट झाल्या. आयोगाने कडाडून विरोध केला. परिषदेने ऐकलं नाही. मग मे २०१९ मध्ये २०१२ च्या करारावर देखरेख करणाऱ्या न्यायाधीशांनीच सांगितलं, की उत्तरदायित्वाच्या बाबतीत शहर पुन्हा मागे गेलं आहे. आयोग हरला होता. पण तो काय म्हणाला होता हे दप्तरी नोंदलेलं होतं.

जानेवारी २०२३ मध्ये याच शहरात आंध्र प्रदेशातून शिकायला गेलेली २३ वर्षांची विद्यार्थिनी पादचाऱ्यांसाठीच्या पट्ट्यांवरून जाताना पोलिसांच्या गाडीखाली मेली. ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडीचा वेग जवळजवळ १२० होता. काही महिन्यांनी एक ध्वनिमुद्रण बाहेर आलं. पोलीस संघटनेचा उपाध्यक्ष असलेला अधिकारी त्या मुलीच्या मृत्यूबद्दल फोनवर हसत बोलत होता, तिच्या जिवाची किंमत थोडीच आहे अशा अर्थाचं. भारतात संताप उसळला, वकिलातीने चौकशीची मागणी केली. नागरिकांच्या आयोगाने जाहीर निषेध केला आणि या अधिकाऱ्याला कामावरून बाजूला करा, असं पोलीसप्रमुखांना लिहिलं. त्याला बडतर्फ करायला जुलै २०२४ उजाडलं. आयोगाच्या पत्राने ते घडलं असं म्हणता येणार नाही. ते पत्र लिहिणं कोणाचं काम आहे हे मात्र शहराला आधीपासून माहीत होतं. आपल्याकडे असं ध्वनिमुद्रण बाहेर आलं तर पहिलं पत्र कोण लिहील? एखादा आमदार, नाही तर एखादा यूट्यूबर.

नागरिकांचे आयोग म्हणजे देवमाणसांची सभा, असा समज कोणी करून घेऊ नये. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडने २०१६ मध्ये मतदान घेऊन पोलीस आयोग स्थापला आणि त्याला सिअ‍ॅटलपेक्षा कितीतरी जास्त अधिकार दिले. त्या आयोगाने फेब्रुवारी २०२० मध्ये महापौरांच्या साथीने पोलीसप्रमुख अ‍ॅन कर्कपॅट्रिक यांना काढून टाकलं. त्या कोर्टात गेल्या. आयोगाचे काही सदस्य पोलिसांकडून स्वतःची कामं करून घ्यायला पाहतात, अशी तक्रार आपण केली म्हणून आपल्याला घालवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. टो केलेल्या गाडीचं शुल्क परत मागण्यासारख्या क्षुल्लक गोष्टींवरून तिथे रामायण झालं. आपल्याकडे गाडी सोडवण्यासाठी ठाण्यात कोणाकोणाचे फोन जातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. इथून धडा घ्यायचा तो एवढाच, की असल्या आयोगाच्या हाती कोणाची नेमणूक, बदली किंवा बडतर्फी देऊ नये.

महाराष्ट्रात कायद्याचा सांगाडा अगदीच नाही असं नाही. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्यांना पोलीस सुधारणांचे आदेश दिले. त्यात राज्य सुरक्षा आयोग होता, राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं होती. महाराष्ट्राने पोलीस कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये, आठ वर्षांनी. जिल्हा प्राधिकरणांऐवजी विभागीय प्राधिकरणं ठेवली. म्हणजे गडचिरोलीतल्या माणसाला पोलिसांविरुद्ध दाद मागायची तर नागपूर विभागाचं दार ठोठवायचं. राज्य सुरक्षा आयोगाचे अध्यक्ष गृहमंत्रीच. आणि तक्रार प्राधिकरणाचं काम सुरू होतं ते कोणी मार खाल्ल्यावर किंवा कोणी मेल्यावर. आधी विचारणारा तिथेही नाही.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये आंबेडकर पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. बंद, दगडफेक, मग पोलिसांची धरपकड. वस्त्यांमध्ये शिरून बायकांनाही मारलं, असे आरोप झाले. अटक केलेला कायद्याचा एक विद्यार्थी काही दिवसांत न्यायालयीन कोठडीत मेला. पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवा, हे सांगायला जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाला पुढे यावं लागलं. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवायला पालकांना तासन् तास ताटकळत ठेवलं, आणि संतापलेलं गाव रेल्वेच्या रुळांवर उतरलं. मोहल्ला आणि उच्च न्यायालय यांच्यामध्ये एकही पायरी नसली की लोक कुठे जातात ते बदलापूरच्या फलाटावर दिसलं. परभणीत आणि बदलापुरात शांतता समित्या नव्हत्या असं कोणी म्हणणार नाही.

तेव्हा प्रत्येक पोलीस आयुक्तालयासाठी, आणि मोठ्या जिल्हा मुख्यालयांसाठी, कायद्याने एक नागरिक आयोग असावा. सदस्य पंधरा ते एकवीस. एक तृतीयांश महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने निवडावेत, एक तृतीयांश राज्याने नेमावेत आणि उरलेले या दोघांनी मिळून खुल्या अर्जांतून घ्यावेत. कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी नको. भटक्या-विमुक्तांच्या वस्त्या, फेरीवाले, घरकामगार बायका यांच्यातली माणसं हवीतच, कारण पोलिसांशी रोज गाठ त्यांची पडते, सोसायटीच्या सेक्रेटरीची वर्षातून एकदा. बैठक महिन्यातून एकदा, पाळीपाळीने वॉर्ड कार्यालयांत, दारं उघडी ठेवून. आयोगाने विचारलेल्या प्रश्नाला आयुक्तांनी महिन्याच्या आत लेखी उत्तर द्यायचं. दर तिमाहीला ठाणेवार आकडे द्यायचे: किती एनसी (अदखलपात्र तक्रारी) नोंदल्या, किती गुन्हे, प्रतिबंधक कारवाया किती आणि कुठल्या वस्तीत, किती तक्रारअर्ज पडून. एखाद्या तपासात नाक खुपसायचं नाही, बदल्यांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही.

आधीच माणूसबळ कमी, कामाचा डोंगर, त्यात वर हे आणखी एक शुक्लकाष्ठ, असं पोलीस अधिकारी म्हणतील. त्यांच्यावर डोळा ठेवणारे कमी नाहीत हे खरंच: न्यायालय आहे, मानवी हक्क आयोग आहे, चॅनेलवाले आहेत. पण त्यांच्यावर सर्वांत जास्त दाब येतो तो फोनवरून, ‘जरा बघून घ्या’ या तीन शब्दांत, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. खुल्या बैठकीत विचारलेला प्रश्न त्यापेक्षा कितीतरी सभ्य. शिवाय असा आयोग पोलिसांचंही ऐकणारा असू शकतो. २०१६ मध्ये मुंबईत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने मांडलेल्या वेळापत्रकावरून. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी त्याचं ऐकलं म्हणून ते झालं. बारा-चौदा तास उभा राहिलेला शिपाई रात्री दोन वाजता तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी गोड बोलेल, ही अपेक्षाच फोल. किती शिपायांना गेल्या महिन्यात साप्ताहिक सुट्टी मिळाली, हा आकडाही आयोगाने मागावा. खात्याच्या आतून तो मागण्याची हिंमत कोणाची होणार?

अडचण एक आहे आणि ती खरी आहे. सिअ‍ॅटलमध्ये पोलीसप्रमुख महापौर नेमतो. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय. मुंबईची महापालिका एखाद्या छोट्या राज्याएवढा अर्थसंकल्प मांडते, पण पोलीस आयुक्तांना सभागृहात बोलावून जाब विचारू शकत नाही. त्यामुळे नवा कायदा विधिमंडळालाच करावा लागेल, आणि गृहखातं आपल्या हातातलं सुखासुखी सोडत नाही, हे २००६ नंतरच्या आठ वर्षांनी दाखवलंच आहे.

मात्र एक खुर्ची आधीच मांडलेली आहे आणि तिच्याकडे फार कोणाचं लक्ष गेलेलं नाही. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला: प्रवेशद्वार, कोठड्या, व्हरांडे, निरीक्षकांची खोली, सगळीकडे. चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर, जपून ठेवायचं. यावर देखरेखीसाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमायला सांगितली. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर शहरी भागात महापौर आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख बसतात. कॅमेरे चालू आहेत का एवढंच पाहायचं नाही. कोणी तक्रार केली नसली तरी चित्रण तपासून कुठे मानवी हक्कांचा भंग झाला का, हेही या समितीने पाहायचं आहे आणि दर महिन्याला राज्य समितीला अहवाल द्यायचा आहे. २०२२ नंतर मुंबई, पुणे, नागपूरसह राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते, म्हणजे महापौरांची ती खुर्ची रिकामीच होती. जिथे महापौर आहेत तिथे त्यांना कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. समितीची शेवटची बैठक कधी झाली, आपल्या शहरातल्या कोणत्या ठाण्यांचे कोणते कॅमेरे बंद आहेत आणि किती दिवसांपासून, एवढं त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून विचारावं आणि आलेलं उत्तर महापालिकेच्या सभेत वाचून दाखवावं.